लिंबाची पानं करपतात आणि भिंतीला लोणा लागतो: फिनिक्सच्या अंगणातलं पाणी

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सशेजारच्या चँडलरहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षांपूर्वी घर घेतलं. पश्चिमेच्या भिंतीपासून चार फुटांवर लिंबू लावलं, भिंतीला लागून मोगरा आणि बोगनवेल. ठिबकने रोज दोन वेळा, वीस-वीस मिनिटं पाणी जातं. लिंबाच्या पानांची टोकं आणि कडा करपल्या, म्हणून पाणी वाढवलं, तर आणखी बिघडलं. त्याच भिंतीचा खालचा फूटभर रंग पोपडे धरून सुटतोय आणि मागे पांढरी पूड दिसते. नर्सरीत खत द्यायला सांगितलं, रंगाऱ्याने वॉटरप्रूफ रंग मारायला सांगितला. आधी काय करावं? सोबत भिंतीचा फोटो आहे, आणि शेवटी कढीपत्ता कसा सांभाळावा हेही विचारलं आहे.

ताई, तूर्त दोन्ही करू नका. खताने पानं आणखी करपतील आणि वॉटरप्रूफ रंगाने भिंत आणखी फुटेल. तुम्ही हे दोन प्रश्न म्हणून विचारलेत, पण दोन्हींचं मूळ एकच दिसतं: थोडं थोडं, रोज आणि चुकीच्या जागी पडणारं खारं पाणी. मातीचा प्रकार, जमिनीखाली चुनखडीचा थर आहे की नाही, लिंबाची जात कोणती, यावर तपशील बदलतील. ते जिथे बदलतात तिथे सांगतो.

फिनिक्सच्या परिसरातलं नळाचं पाणी मुख्यतः सॉल्ट आणि व्हर्दे नद्यांचं, आणि ३३६ मैलांच्या कालव्यातून येणारं कोलोरॅडोचं. कोलोरॅडोच्या पाण्यात लिटरमागे साधारण ६०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असतात. तुमच्या लिंबाला ताशी दोन गॅलनचे तीन ड्रिपर आहेत, म्हणजे ताशी सहा गॅलन. रोज चाळीस मिनिटं म्हणजे चार गॅलन, आठवड्याला अठ्ठावीस. त्यातून आठवड्याला साठेक ग्रॅम, वर्षाला तीनेक किलो क्षार त्या एका बुंध्याशी जातात. झाड पाणी पितं, ऊन पाणी उडवतं, क्षार तिथेच राहतात. पुण्यात वर्षाला अठ्ठावीसेक इंच पाऊस पडतो आणि जमीन धुऊन निघते. इथे मॉन्सून धरूनसुद्धा सात इंचांच्या आसपास पडतो, तो धुवायला पुरत नाही. सांगली-कोल्हापूरकडे उसाला बेसुमार पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या, तेच तुमच्या आळ्यात लहान प्रमाणात चाललं आहे.

वीस मिनिटांचं पाणी जेमतेम सहा-आठ इंच खाली उतरतं. ओलीच्या कडेला क्षारांची एक रेघ तयार होते, आणि लिंबाची बारीक मुळं नेमकी तिथेच असतात. पाणी वाढवल्यावर बिघडलं याचं कारणही हेच आहे: वेळ वाढली ती दोन-चार मिनिटांनी, त्यामुळे क्षार जास्त आले पण ओल खोल गेली नाही. शिवाय वरची माती कधी वाफशावर आली नाही, मुळांना हवा मिळाली नाही.

पानं नीट पाहून खात्री करून घ्या, कारण इथे लिंबाचं प्रत्येक दुखणं क्षारांचं नसतं. जुन्या पानांची टोकं आणि कडा तपकिरी, आत हिरवं, तर क्षार. नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. इथल्या मातीचा सामू आठच्या वर असतो, आणि त्यात सततची ओल असली की लोह जागच्या जागी अडकून पडतं. पानाच्या मधोमध, पश्चिमेच्या बाजूलाच करडा डाग असेल तर तो उन्हाचा चटका. जुनी पानं सरसकट फिकट झाली तर नत्र कमी. भर उन्हाळ्यात दुपारी पानं होडीसारखी वळतात आणि सकाळी सरळ होतात, ते दुखणं नव्हे. तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार नक्की वाटतो, दुसऱ्याची थोडी छटा असेल.

आता जमिनीत खरंच किती खोल ओल जाते ते मोजा. तीन फूट लांब, बोटापेक्षा बारीक, तीन-अष्टमांश इंचाची लोखंडी सळई घ्या. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी ड्रिपरजवळ ती हाताने सरळ दाबा, ठोकू नका. ओल्या मातीत सळई सहज जाते आणि कोरडी माती लागली की अडते. अडली तिथे बोटाने खूण धरून बाहेर काढा आणि मोजा. झाडाला अडीच ते तीन फूट हवी, मोगऱ्यासारख्या झुडपांना दोन फूट. तुमच्याकडे आठ इंचांच्या पुढे जाईल असं मला वाटत नाही. टोकाला पांढरं पीठ लागून आलं आणि चार ठिकाणी एकाच खोलीवर अडली, तर खाली चुनखडीचा थर असू शकतो. त्याचं पुढे बघू.

पाणी किती द्यायचं याचा हिशोब तुमच्या झाडावर करून दाखवतो. विस्तार पाच फूट व्यासाचा आहे, म्हणजे साधारण वीस चौरस फूट. तेवढी जागा अडीच फूट खोल पुन्हा ओली करायला मध्यम मातीत तीसेक गॅलन लागतात. आत्ता आठवड्याला अठ्ठावीस जातात, म्हणजे पाणी कमी पडत नव्हतं. तेच पाणी आठवड्यातून एकदा सलग द्यायचं आहे. दोन गॅलनचे सहा ड्रिपर लावा. ताशी बारा गॅलन झाले, अडीच तासात तीस. रेताड मातीत पाणी सरळ खाली जातं, तिथे ड्रिपरची संख्या वाढवून वेळ कमी करा. चिकण माती असेल तर पाणी वर साचून वाहतं, तेव्हा पन्नास मिनिटांचे तीन हप्ते करा आणि मध्ये तास-तासभर जिरू द्या.

ड्रिपर कुठे बसवायचे हेही तितकंच महत्त्वाचं. लावताना नर्सरीच्या कुंडीतला गोळा होता म्हणून बुंध्यापासून सहा इंचांवर ते ठेवले गेले आणि झाड वाढलं तरी तिथेच राहिले. इथल्या बहुतेक अंगणांत हीच गोष्ट दिसते. पाणी पिणारी मुळं विस्ताराच्या कडेखाली आणि त्याच्याही थोडी बाहेर असतात. सहाही ड्रिपर त्या कडेवर वर्तुळात ठेवा, पण भिंतीकडची बाजू रिकामी सोडा. भिंतीपासून तीन फुटांच्या आत एकही ड्रिपर नको. बुंधा कोरडा राहिला पाहिजे, नाहीतर तळाशी साल कुजते. दर वसंतात विस्तार मोजा आणि वर्तुळ बाहेर सरकवा.

वेळापत्रक: मे ते सप्टेंबर दर सात दिवसांनी, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल दर दहा दिवसांनी, डिसेंबर ते फेब्रुवारी पंधरा ते वीस दिवसांनी. पाण्याचा वेळ ऋतूप्रमाणे बदलू नका, बदलायचं ते दोन पाण्यांमधलं अंतर. खोली तीच राहिली पाहिजे. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्यावर होता, तशा लाटेत पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी दिलं तर चालेल, पण पुन्हा रोजच्यावर येऊ नका. रोजच्यावरून एकदम आठवड्यावर उडीही मारू नका, मुळं वर बसलेली आहेत. आधी तीन दिवसांनी, मग पाच, मग सात, अशी महिन्याभरात सवय लावा. आत्ता ऑक्टोबर आहे, या बदलाला याहून चांगला महिना नाही.

पहिलं पाणी मात्र दुप्पट वेळ द्या, पाच तास, दोन हप्त्यांत. त्याने साचलेले क्षार मुळांच्या खाली ढकलले जातात. पुढे वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर, हेच करा. मॉन्सूनची हलकी सर आली तर त्या दिवशी ठिबक बंद करू नका. अशी सर वरचे क्षार धुऊन मुळांच्या थरापर्यंतच आणते आणि तिथे सोडते, म्हणून त्या वेळी ठिबकचं मोठं पाणी हवंच.

ठिबक वेळेवर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरमध्ये एक जागा हमखास चुकते. ‘स्टार्ट टाइम’ हे झोनप्रमाणे (झोन म्हणजे एका व्हॉल्व्हवरची झाडं) नसतात, पूर्ण प्रोग्रॅमला लागू असतात. कोणीतरी दोन झोनसाठी दोन वेळा भरतं आणि दोन्ही झोन दोनदा चालतात. तुमचं ‘रोज दोन वेळा’ बहुधा असंच झालेलं आहे. प्रोग्रॅम ए मध्ये एकच स्टार्ट टाइम ठेवा, पहाटेचा, आणि बाकीचे पुसून टाका. हप्ते करायचे असतील तेव्हाच तीन भरा, आणि मग झोनचा वेळ पन्नास मिनिटं आहे ना ते तपासा.

ठिबकची नळीही एकदा बघून घ्या. व्हॉल्व्हनंतर १५० मेशची जाळी आणि २५ ते ३० पीएसआयचा प्रेशर रेग्युलेटर हवा. घराचा दाब ६० ते ८० असतो, रेग्युलेटर नसला की पाव इंची नळ्या सांध्यातून निसटतात आणि मातीखाली कारंजं चालू राहतं, वर कळतही नाही. नळीच्या शेवटचं टोपण काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या, आत चुन्याचे कण भरलेले असतात. मग प्रत्येक ड्रिपरखाली मापाचा कप धरा. दोन गॅलनच्या ड्रिपरमधून मिनिटाला १२५ मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप पाणी यायला हवं. कमी येत असेल तर टाचणी घालत बसू नका, नवीन लावा. शेवटी सगळं बंद करून मीटरवरची छोटी फिरकी पाहा. नळ बंद असताना ती फिरत असेल तर कुठेतरी गळतंय, आणि भिंतीची ओल त्या गळतीचीही असू शकते. बहुतेक वेळा व्हॉल्व्हचा पडदा झिजलेला असतो. तो बदलायला चार-सहा स्क्रू काढावे लागतात, आख्खा व्हॉल्व्ह बदलायची गरज नसते.

घरात पाणी मऊ करणारं यंत्र, म्हणजे सॉफ्टनर असेल, तर बागेचा नळ त्याच्या आधी फुटलेला आहे ना, हेही तपासा. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम घालतो, आणि ते पाणी लिंबाला आणि चिकण मातीला दोन्हीला वाईट. माती चोपण होते, पाणी जिरत नाही.

आता भिंत. तिची घडण आपल्याकडच्या विटांच्या भिंतीसारखी नाही. आत लाकडी चौकट, तिच्यावर काळा कागद, बहुतेक घरांत फोम, मग तारेची जाळी आणि पाऊण इंचाच्या आत-बाहेरचा सिमेंटचा गिलावा. गिलाव्याच्या तळाशी, काँक्रीटच्या जोत्याच्या वर, पत्र्याची एक आडवी पट्टी असते, तिला वीप स्क्रीड म्हणतात. गिलाव्यात शिरलेलं पाणी तिच्यावाटे बाहेर पडतं. बांधकाम नियमाप्रमाणे ही पट्टी मातीपासून किमान चार इंच आणि फरशीपासून दोन इंच वर हवी. तुमच्या फोटोत ती दिसतच नाही. मोगऱ्यासाठी वाफा उंच करताना माती आणि मुरूम तिच्यावर चढले. आता गिलावा सरळ ओल्या मातीत उभा आहे आणि दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढतो. फूटभरावर ते उन्हाने उडतं, क्षार मागे राहतात, रंगाच्या आत त्यांचे स्फटिक फुगतात आणि पोपडा उचलला जातो. गावाकडे मातीच्या भिंतींना लोणा लागतो तो असाच. वॉटरप्रूफ रंगाने ही ओल आत कोंडते, मग लोणा आणखी वर चढतो आणि आतलं लाकूड ओलं राहतं.

म्हणून भिंतीचं पहिलं काम फावड्याचं आहे. खोदण्याआधी ८११ ला फोन करा, ते फुकट येऊन जमिनीखालच्या नळ्या-तारांच्या खुणा करतात. दोन पूर्ण कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. मीटरच्या आतल्या तुमच्या स्वतःच्या नळ्या आणि तारा ते दाखवत नाहीत, तिथे हाताने सावकाश खणा. भिंतीलगतची माती पट्टीखालचं जोतं चार-सहा इंच दिसेपर्यंत काढा आणि उतार घराबाहेर ठेवा, पहिल्या दहा फुटांत सहा इंच. कुंपण त्याआधीच येत असेल तर जेवढा उतार मिळेल तेवढा, पण पाणी भिंतीशी थांबता कामा नये. वाळवीच्या औषधाचा करार असेल तर त्यांना आधी विचारा, कारण घर बांधताना जोत्याशी मातीत मारलेलं औषध या खोदाईने निघून जातं आणि पुन्हा मारावं लागतं. जोतं उघडं झालं की पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या शोधा. एक मोडून ठेवा. काही दिवसांत ती पुन्हा बांधली गेली तर वाळवी चालू आहे.

मोगरा हलवावा लागेल. तो भिंतीपासून किमान तीन फूट पुढे घ्या. त्याला लिंबाच्या निम्म्या अंतराने पाणी लागतं आणि बोगनवेलीला दोघांपेक्षा कमी, त्यामुळे तिघं एका व्हॉल्व्हवर कधीच सुखी राहणार नाहीत. दुसरा झोन मोकळा असेल तर लिंबू एकटं ठेवा. नसेल तर वेळापत्रक लिंबाचं धरा, मोगऱ्याला मधल्या दिवशी हाताने पाणी घाला आणि बोगनवेलीला एक गॅलनचा एकच ड्रिपर ठेवा, तोही भिंतीपासून तीन फूट लांब. एसीच्या पाण्याची नळी याच भिंतीशी उतरत असेल तर तिलाही लांब न्या, दमट हवेत ती दिवसभर टपकते.

मग थांबा. चार ते सहा आठवडे भिंत वाळू द्या. पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडा आणि गोळा करून फेका. पाण्याने धुतली तर ती विरघळून पुन्हा आत जाते, प्रेशर वॉशरने तर गिलाव्यातच शिरते. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं तर अजून थांबा. वाळल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. भरीव आवाज येतो तिथे फक्त सुटा रंग खरवडायचा, पोकळ येतो तिथे गिलावा सुटलाय, तो भक्कम कडेपर्यंत काढायचा. आत जाळी गंजून तुटलेली, काळा कागद फाटलेला किंवा लाकूड बोटाने दबणारं दिसलं, तर तिथे हात थांबवा आणि परवानाधारक माणूस बोलवा. परवाना खरा आहे का ते ॲरिझोना रजिस्ट्रार ऑफ काँट्रॅक्टर्सच्या संकेतस्थळावर तपासता येतं.

जाळी शाबूत असेल तर दुरुस्ती घरच्या घरी होते. कडा ओलसर करा, पाणी टपकेल इतक्या नको. तयार स्टको पॅच मिश्रण दोन थरांत भरा, एका थरात तीन-अष्टमांश इंचाहून जास्त नाही. पहिला थर ओला असतानाच त्याच्यावर आडवे ओरखडे काढा, दुसऱ्या दिवशी दुसरा थर द्या. वीप स्क्रीडची भोकं आणि खालची कड मोकळी ठेवा. हौशी दुरुस्ती इथेच फसते, लोक गिलावा सरळ जोत्यावर उतरवतात आणि पाणी निघायची वाट बुजते. इथल्या हवेत सिमेंट तासाभरात सुकतं आणि मग केसासारख्या भेगा पडतात, म्हणून ओलं गोणपाट टांगून तीन दिवस फवारा मारत राहा. काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये काढा. अठ्ठावीस दिवसांनी अल्कलीला टिकणारा प्रायमर, त्यावर साधा श्वास घेणारा ॲक्रिलिक रंग. रबरासारखा ताणणारा जाड रंग नको. पट्टीखालचं काँक्रीटचं जोतं मी बिनरंगीच ठेवतो, तिथे रंग कधी टिकत नाही. दुरुस्तीच्या नादात जमिनीच्या काँक्रीटमध्ये भोकं मारू नका, इथल्या बऱ्याच घरांच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी तारा असतात.

लिंबू तिथेच ठेवावं का, हे जातीवर आहे. मायर असेल तर ते लहान राहतं, चार फुटांवरही निभेल. लिस्बन किंवा युरेका पंधरा फुटांच्या वर जातं आणि ती जागा त्याला पुरणार नाही. तसं असेल तर मी ते हलवणार नाही, मार्चमध्ये भिंतीपासून दहा फुटांवर नवीन लावीन. उपटून लावलेल्या झाडाच्या बरोबरीने ते वाढतं. नवीन खड्डा गोळ्याइतकाच खोल आणि तीन ते पाच पट रुंद. लावण्याआधी खड्डा पाण्याने भरा, चार तासांत पाणी चार इंचही उतरलं नाही तर खाली चुनखडी आहे. पहारीने तिला आरपार भोक पाडा, पाणी निघेल अशी एक चिमणी पुरते. फुटत नसेल तर जागा बदला.

खत फेब्रुवारीपर्यंत नको. वसंतातली नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह द्या. साधं फेरस सल्फेट इथल्या मातीत अडकतं. लोह फरशीवर सांडू देऊ नका, डाग जात नाही. पश्चिमेच्या भिंतीचा तापलेला उकाडा बुंध्याची साल भाजतो, म्हणून उघड्या बुंध्याला पांढरा लॅटेक्स रंग अर्धं पाणी घालून लावा आणि खालच्या फांद्या कापू नका, त्यांची सावली बुंध्यावर हवी.

शेवटी विचारलेल्या कढीपत्त्याबद्दल: तो कुंडीतच ठेवा, थंडीत दंव पडायच्या रात्री आत घ्या. कुंडीला हे वेळापत्रक लागू नाही, पण पाणी दर वेळी तळातून वाहेपर्यंत घाला. मैत्रिणीकडून कॅलिफोर्नियातून रोप किंवा फांदी मात्र आणू नका. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला आहे. सिट्रस सिलिड ही कीड त्याच्यावर वाढते आणि लिंबू-संत्र्यांना मारणारा ग्रीनिंग रोग पसरवते, म्हणून अशा झाडांच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत. इथल्या नर्सरीतलं तपासलेलं रोप घ्या.

करपलेली पानं काढू नका. ती पुन्हा हिरवी होणार नाहीत, पण उरलेला हिरवा भाग काम करतो आणि सावलीही देतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी येईल, त्यातल्या दोन-तीन फांद्यांना सुतळी बांधून ठेवा. मे अखेरीस त्याच पानांच्या कडा बघा. कडा हिरव्या असल्या तर पाणी बरोबर जातंय. टोकं पुन्हा तपकिरी झाली असली तर सळई घेऊन ओल मोजा आणि ती कुठे अडते ते मला कळवा.